तरंगतं की बुडतं

इतर बायका नणंदेशी पाटल्यांवरून भांडतात, नाहीतर माहेरच्या साडीवरून. माझं आणि माझ्या नणंदेचं बिनसलं ते माझ्या नवऱ्याच्या शौचाच्या भांड्यावरून. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ दे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि ते भांडं रोज सकाळी कोणी पाहायचं, याहून मोठा प्रश्न मला जगात दिसत नव्हता.

नाशकात तांबट आळीत आमचं घर. खाली दुकान, वर आम्ही राहणार, मागे परस. सकाळी आठपासून सगळ्या आळीत पत्र्यावर हातोड्या पडायच्या. नव्या माणसाचं डोकं उठायचं, आम्हाला त्या थांबल्या की चुकल्यासारखं व्हायचं. माझे यजमान घागरीचा गळा असा बसवायचे की सांधा बोटालासुद्धा लागू नये. लग्नानंतरचं दीड वर्ष बरं गेलं. मग तीस सालानंतरच्या एका पावसाळ्यात त्यांचं पोट बिघडलं, ते बिघडलंच. दिवसातून आठ-दहा वेळा परसात जायचे. मुरडा, आव आणि पुढे पुढे रक्त. दिवाळीपर्यंत अशी अवस्था झाली, की दिवसभर घण मारणारा माणूस आमच्या घरचा जिना एका दमात चढेना.

मेन रोडवरच्या एका डॉक्टरांनी काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन दुर्बिणीतून पाहिलं. मोठ्या आतड्यात जंतू शिरलेत आणि त्यांनी आतून व्रण पाडलेत, असं ते म्हणाले. त्यांनी सुया दिल्या. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा सुया, पुन्हा तेच. आळीतल्या म्हाताऱ्या माणसांनी मग त्या दुखण्याचं जुनं नाव घेतलं, संग्रहणी, आणि ते घेताना आवाज खाली आणला. कारण आमच्याच घरचा एक जावई त्या दुखण्याने गेलेला होता.

तो जावई म्हणजे वन्संचा नवरा. वन्सं, माझी नणंद, ह्यांच्याहून वीस वर्षांनी मोठ्या. सासूबाई गेल्या तेव्हा हे तीन वर्षांचे होते. वन्सं सिन्नरला नांदत होत्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या येऊन ह्यांना उचलून सिन्नरला घेऊन गेल्या आणि हातात हातोडी धरण्याएवढे होईपर्यंत त्यांनीच वाढवलं. पुढे नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेला आणि वन्सं माहेरी परतल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात होत्याच. किल्ल्या त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिल्या, हे कबूल केलं पाहिजे. भांडणाऱ्या बाईशी भांडता तरी येतं. वन्सं कधी एक शब्द वावगा बोलल्या नाहीत, त्यामुळे माझी अधिकच पंचाईत.

मार्गशीर्षात आम्ही तिघं पंचवटीतल्या एका वैद्यबुवांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि अन्न बंद केलं. धान्याचा कणही पोटात जाता कामा नये. फक्त ताक, तेही एकाच गाईच्या दुधाचं, लोणी पुरतं काढलेलं, भाजलेलं जिरं आणि सैंधव घातलेलं, आणि त्याबरोबर पर्पटीची काळी पुडी. ताक रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. ह्यांचं आतडं आतून भाजलेल्या कातड्यासारखं झालंय, असं ते म्हणाले. त्यावर घास पडला की ते पुन्हा सोलवटतं. त्याला नुसतं निजू द्यायचं. मग अन्न सुरू कधी करायचं, असं मी विचारलं. ते भांडं सांगेल, असं ते म्हणाले.

हे सगळं ते माझ्याकडे पाहून सांगत होते, कारण बायको मी होते. "रोज सकाळी भांड्यात पाणी घ्यायचं आणि पाहायचं. बुडलं तर आम आहे, आतडं अजून कच्चं आहे. तरंगलं तर पचायला लागलं. रक्त किती, आव किती, रोज येऊन मला सांगायचं. मी इथे बसून तुझ्या डोळ्यांनी पाहणार आहे, पोरी."

तुझ्या डोळ्यांनी, असं म्हणाले ते. वन्सं शेजारीच बसल्या होत्या. मला त्या दिवशी पूल ओलांडून परत येताना नवऱ्याच्या दुखण्याची काळजी होतीच, पण पाऊल मात्र जमिनीवर नव्हतं.

तांबट आळीत राहून आम्ही इनॅमलचं पांढरं भांडं विकत आणलं, कारण तांब्या-पितळेत रक्ताचा रंग कळत नाही. आळी हसली. बारा दिवस मी ते काम केलं. पहिल्या दिवशी मला ओकारी आली, तिसऱ्या दिवशी आली नाही. मग मी सकाळी डोळे उघडल्याबरोबर आधी परसात जायची. रोज बुडायचंच. पण आज रक्ताची रेघ बारीक होती, आज आव दोऱ्यासारखी होती, असं मी वैद्यबुवांना सांगायची आणि ते मान हलवून पर्पटीचं वजन ठरवायचे. माझ्या शब्दावर एक वैद्य औषध तोलतो, याचा मला गर्व झाला होता. माहेरी माझ्या शब्दावर कोणी मीठसुद्धा तोललं नव्हतं.

तेराव्या दिवशी मी बाहेरची झाले. तीन दिवस कोपऱ्यात बसायचं, ताकाला शिवायचं नाही, आजारी माणसाला नाही, वैद्याच्या उंबऱ्याला तर नाहीच. वन्संना ती अडचण आता उरलेली नव्हती. त्यांनी पदर खोचला आणि काम हातात घेतलं. चौथ्या दिवशी न्हाऊन मी परसात गेले, तर भांडं धुऊन पालथं घातलेलं आणि वन्सं पंचवटीला निघालेल्या. राहू दे, म्हणाल्या, माझी नजर आता बसलीय, मध्येच माणूस बदललं तर वैद्यबुवांचा अंदाज चुकेल. ओकाऱ्या काढून काढून काम मी अंगवळणी पाडलं आणि ह्या आयत्या बिळावर नागोबा. असं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, बरं.

मग मी ह्यांच्याकडे गेले. वाटलं, हे तरी म्हणतील, तिचं काम तिला करू दे. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "अक्कालाच पाहू दे. तिच्यासमोर मला लाज वाटत नाही. तू ते पाहू नयेस असं वाटतं."

आज त्या वाक्यात मला दुसरं काही ऐकू येतं. तेव्हा एवढंच ऐकू आलं, की ह्या माणसाचं सगळं उघडंवाघडं जिच्यापाशी आहे ती बाई मी नाही.

त्यानंतरचे दिवस मी नुसती जळत होते. ताक घुसळायचं तेही वन्संनी घेतलं. मला चादरी धुवायला उरल्या. सकाळी त्या पुलावरून जायच्या आणि तासाभराने पुड्या घेऊन यायच्या. वैद्यबुवा असं म्हणाले, वैद्यबुवा तसं म्हणाले, हे सगळं त्या ह्यांच्या उशाशी बसून सांगायच्या. मी दाराशी उभी. ताकाचा पेला त्यांच्या हातून रिकामा व्हायचा, माझ्या हातून अर्धा उरायचा. मी एकदा मोजून दोन्ही वेळा सारखंच जिरं घातलं होतं, तरी माझाच अर्धा उरला. दुपारी त्या दोघांचं सिन्नरचं बोलणं चालायचं. कोण कुठल्या विहिरीत पडलं होतं, कोणाची म्हैस कोणाच्या ओसरीत शिरली होती. हे हसायचे. हसले की पोट दुखायचं, तरी हसायचे. त्या सिन्नरमध्ये मी कुठेच नव्हते.

आळीतल्या बायका यायच्या आणि बहीण असावी तर अशी, म्हणायच्या. मला वाईट वाटू नये म्हणून, तूही करतेसच की, असं पुढे जोडायच्या. ते जोडलेलं मला जास्त झोंबायचं. देवासमोर बसून मी नवरा बरा व्हावा म्हणायची आणि त्याच दमात म्हणायची, पण त्यांच्या हातून नको. देवाने दोन्हींपैकी कोणतं ऐकावं, याचा मी विचार केला नव्हता.

माघात वन्संच्या दिराच्या मुलीचं लग्न निघालं. विधवा बाईला मांडवात मान नसतो, पण पापड लाटायला आणि शंभर माणसांचा स्वयंपाक उरकायला तिचे हात चालतात. सिन्नरहून बोलावणं आलं. जावं की नाही, असा त्या दोन दिवस विचार करत होत्या. मीच आग्रह केला. इतक्या गोडीने केला की माझा मलाच संशय आला. निघताना त्यांनी मला परसात नेलं आणि सांगितलं, "जसं दिसेल तसं सांग. चांगलं दिसावं असं आपल्याला फार वाटतं, तेव्हा डोळे फसवतात. बुडालं तर बुडालं म्हण." मला हे शिकवायची गरज होती का? मीही बारा दिवस पाहिलं होतं. मोटार सुटेपर्यंत मी हात हलवत उभी होते आणि मोटार वळली तशी घरी जवळजवळ पळतच आले.

पहिल्या दिवशी बुडालं. रक्ताची एक रेघ होती. मी खरं ते सांगितलं. वैद्यबुवांनी पुडी बांधता बांधता विचारलं, तुझी नणंद कधी येणार? त्या बाईची नजर पक्की आहे, असंही म्हणाले. ते सहज बोलले. पण परतताना पुलावर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःखाचं नव्हे, रागाचं.

दुसऱ्या दिवशी मी भांड्यात पाणी जरा उंचावरून ओतलं. उंचावरून ओतलं की पाणी ढवळतं आणि काही वर येतं. क्षणभरच येतं, पण येतं. वैद्यबुवांना मी सांगितलं, अर्धं तरंगलं. यात खोटं काय आहे, असं मी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, की काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मी पाणी ओतलं आणि वर आलेलं पुन्हा तळाशी बसायच्या आत तोंड फिरवलं. रेघ होती. ती मी पाहिली नाही, असं ठरवलं.

"तरंगलं," मी म्हटलं. "रक्त नाही."

वैद्यबुवांनी हातातला खल खाली ठेवला. सगळं तरंगलं का, असं पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. ते आठ दिवसांनी एकदा घरी येऊन नाडी पाहायचे, तो दिवस अजून लांब होता. तुझ्या हाताला यश आहे पोरी, असं म्हणून त्यांनी मऊ भाताची परवानगी दिली. दोन पळ्या भात, ताकात कालवून, आणि तीन दिवसांनी तो वाढवायचा. मी घरी गेले ती थेट चुलीपाशी. जुने तांदूळ निवडले, धुतले, शिजवून इतके मऊ केले की बोटांत धरले तर विरघळावेत. दीड महिन्याने भाताचा वास आला तशी हे उठून बसले. घास तोंडात गेला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, तुझ्यामुळे खायला मिळालं. त्या दिवशी भातही माझा होता आणि नवराही. वन्सं लग्नाच्या पंगतीत खरकटी उचलत असतील, असा विचार माझ्या मनात आला आणि तो मी चांगला चघळून चघळून खाल्ला.

दोन दिवस काही झालं नाही. मी आणखी दोनदा तरंगलं म्हणून सांगून आले. सहाव्या दिवशी सकाळी ह्यांना असा मुरडा आला की गुडघे छातीशी घेऊन ते जमिनीवर लोळायला लागले. भांडं पाहायला डोळे लागत नव्हते, पाणीही ओतावं लागलं नाही. सगळं लाल होतं. दुपारपर्यंत सहा वेळा झालं आणि त्यांचे हातपाय गार पडले. खालच्या कारागिराला मी वैद्यबुवांना टांग्याने आणायला पाठवलं. तो टांगा आणि सिन्नरहून आलेल्या वन्सं एकाच वेळी दाराशी पोचल्या. वन्संनी चपला काढल्या, ह्यांच्या कपाळाला हात लावला आणि त्या सरळ परसात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. भात कधी दिला, एवढंच हळू विचारलं. मी सांगितलं. कशावरून दिला, हे त्यांनी विचारलं नाही.

वैद्यबुवांनी बराच वेळ नाडी धरली. हे जातात की राहतात हे कोणालाच माहीत नव्हतं आणि ते सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग ते आमच्या दोघींकडे वळले. "तरंगतंय असं मला सांगितलं म्हणून मी भात दिला. हे तरंगणारं आतडं नाही. पाहिलं कसं?"

माझ्या तोंडात खरं आलं होतं की आणखी एक खोटं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी तोंड उघडलं होतं, एवढं नक्की.

"चूक माझी," वन्सं म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशी मला वाटलं, वर यायला लागलंय. मीच हिला सांगून गेले, की असं दिसलं की तरंगलं म्हण. नवी आहे ती. तिने मी सांगितलं तसं केलं."

वैद्यबुवा त्यांच्याकडे पाहत राहिले. "नवरा ह्याच दुखण्यात घालवलास, बाई. तरी तुला कळू नये?"

वन्संनी मान खाली घातली. अंथरुणावरून ह्यांनी डोळे उघडले आणि बहिणीकडे पाहिलं. "अक्का, तू?" एवढंच म्हणाले. तसं त्यांनी तिच्याकडे आयुष्यात कधी पाहिलं नसेल. मी तिथे उभी होते, दोन पावलांवर. एक शब्द बोलायचा होता. मी बोलले नाही. आणि खरं सांगते, भीतीच्या तळाशी कुठेतरी मला बरं वाटलं.

वैद्यबुवांनी फर्मावलं, की ह्यापुढे भांडं बायको पाहील आणि बहिणीने त्याच्या जवळही जायचं नाही. मला जे हवं होतं ते सगळं मला त्या दुपारी मिळालं. भांडं मिळालं, ताकाची रवी मिळाली, पंचवटीचा रस्ता मिळाला. रोज सकाळी मी त्या पाण्यात वाकून पाहायची आणि रक्त दिसलं की रक्त म्हणायची. बुडालं, बुडालं, बुडालं, असं किती दिवस सांगितलं ते देवाला ठाऊक. डॉक्टरांनाही पुन्हा बोलावलं, त्यांनी पुन्हा सुया दिल्या, आणि त्या चालू असताना ताकही चालू राहिलं. वैद्यबुवांनी त्याला हरकत घेतली नाही, नाराजी मात्र दाखवली. शेवटी गुण सुयांचा की ताकाचा, हे त्या दोघांना आजही एका खोलीत बसवलं तर ठरायचं नाही. चैत्रात एका सकाळी ते आपोआप तरंगलं. मी पाणी अगदी काठावरून, हळू सोडलं होतं. तरी मी तीन दिवस कोणाला सांगितलं नाही, चौथ्या दिवशी वैद्यबुवांना म्हटलं, तुम्हीच येऊन पाहा. आषाढापर्यंत हे पुन्हा दुकानात बसायला लागले.

वन्संना मी विचारलं ते त्याआधीच, चैत्रातच. त्या तांदूळ निवडत होत्या. असं का केलंत, मी म्हटलं. मला वाटलं होतं, त्या मला लावून बोलतील, उपकार दाखवतील, निदान रडतील तरी. त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

"माझ्यावर तो रागावला तरी मी त्याची बहीणच राहते," त्या म्हणाल्या. "तुझ्यावरचा विश्वास उडाला असता तर तुझं इथे काय राहिलं असतं?"

दुसरी कोणी असती तर पाया पडली असती. माझ्या अंगाची आग झाली. त्यांना इतकी खात्री होती. त्याच्या मनातली आपली जागा कोणी उठवू शकत नाही, अशी इतकी खात्री, की त्यातलं हवं तेवढं त्या उधळायला मोकळ्या होत्या. मी त्या जागेचा एक कोपरा मिळावा म्हणून नवऱ्याला मारायला निघाले होते.

हे पुढे पुष्कळ वर्षं जगले. घागर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा ती गोष्ट सांगायचे. आमच्या अक्काच्या नजरचुकीने मी गेलोच होतो, हिने भांडं हातात घेतलं म्हणून वाचलो. रागाने नाही, लाडानेच सांगायचे. वन्सं तिथेच काहीतरी निवडत, नाहीतर टिपत बसलेल्या असायच्या आणि गिऱ्हाईक माझ्याकडे कौतुकाने पाहायचं. दर वेळी मी म्हणणार असायची, की तसं नाही, ते मी केलं. दर वेळी वन्सं मान वर करून मला काहीतरी आणायला सांगायच्या, पाणी, नाहीतर पानाचा डबा, आणि मी उठून जायची.

वन्सं गेल्या तेव्हा हे लहान मुलासारखे रडले. रडता रडता म्हणाले, मी तिला माफ केलं होतं ग, तिला कळलं असेल ना? मी हो म्हटलं. आता हेही नाहीत, आणि तो गुन्हा मी केला होता हे जाणणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. त्यांचं बाळपण तिचं होतं, त्यांची लाज तिची होती, त्यांचं हसणं तिचं होतं. निदान तो गुन्हा तरी तिने माझा मला ठेवू द्यायचा होता.